आधी तुम्ही टाका

मासेमारीतलं बेटकास्टिंगचं रीळ रॉडच्या वर बसतं. ज्यांना हे माहीत असायला हवं त्या सगळ्यांना ते माहीत असतं. मी ते खाली लावलं. नुसतं लावलं नाही, हलू नये म्हणून पकडीने आवळलं, आणि रविवारी सकाळी सात वाजता आमच्या नोएडातल्या सोसायटीच्या मागे, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, आयुष्यातली पहिली फेक टाकायला उभा राहिलो.

याला कारण ऑफिसातली जेवणाची सुट्टी. डबा खाताना मी मोबाईलवर बास नावाच्या माशाच्या मासेमारीचे अमेरिकन व्हिडिओ बघायचो. माझ्याच वयाचा, माझ्याच पोटाचा एखादा गृहस्थ तळ्याकाठी उभा असायचा. अंगठा रिळावर, मनगटाला एक झटका, आणि ऐंशी फुटांवर गवताच्या बरोब्बर कडेला ‘टप’. मला वाटलं, हा करू शकतो तर केंद्र सरकारात बावीस वर्षं तग धरलेला माणूस का नाही?

मी झटका दिला. शिशाचं वजन माझ्यापुढे चार फुटांवर पडलं आणि रिळातून दोरीचा भलामोठा बोळा उसळून बाहेर आला.

“साहब, कुछ टूट गया क्या?” गार्डने विचारलं.

“नहीं, टेस्टिंग चल रही है,” मी म्हणालो आणि हँडल फिरवू लागलो. ते अडलं. मी जोर लावला. ते पुन्हा अडलं.

“रीळ खाली लावलंय का?” बाकावरून मराठीत प्रश्न आला. बाकावर एक सत्तरीपलीकडचे गृहस्थ बसले होते. बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर हात, मान किंचित तिरकी. “हँडल उलटं फिरवताय तुम्ही. अडल्याचा आवाज येतोय.”

ते उठून आले, रॉड हातात घेतला, रिळावरून बोटं फिरवली. “आणि हँडल डावीकडे आहे.”

“हो ना. चुकून डावखुऱ्यांचं आलंय. परत करणार आहे.”

“चुकून बरोबर घेतलंत. ज्या हाताने फेकतो त्याच हातात रॉड राहायला हवा. फेकून झाल्यावर हात बदलत बसणारा माणूस पहिले दोन सेकंद फुकट घालवतो, आणि मासा त्याच दोन सेकंदांत येतो. परत करू नका.”

पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव कौतुक. तेही माझ्या चुकीचं.

ते शेजारच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि पुढे ते अधूनमधून आमच्याकडे जेवायलाही येऊ लागले. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती. हातात पेन्सिल आणि पायाखाली चिखल, असं ते सांगत. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात भिंतीला कपड्यांच्या खुंट्या होत्या आणि त्या खुंट्यांवर रॉड होते. कपडे खुर्चीवर. एकूण सहा रॉड, आणि त्यांतल्या एकावरही काय लिहिलंय ते त्यांनी मला कधी वाचू दिलं नाही.

“वाचू नका. धरा. डोळे मिटा.”

मी डोळे मिटून मूठ धरायची. ते दुसऱ्या टोकाला जायचे, रॉडचा शेंडा स्वतःच्या गळ्याला टेकवायचे आणि हळू आवाजात बोलायचे. तो आवाज कानाआधी माझ्या तळहातात यायचा. पहिल्यांदा मी दचकून रॉड सोडलाच होता. माणसाचं बोलणं काठीतून चालत येऊन हाताला लागतं, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

“काय म्हणालो मी?”

“ते नाही कळलं. पण बोललात हे कळलं.”

“तेवढं पुरे. मासाही काही स्पष्ट बोलत नाही. जो रॉड हे पोचवत नाही, तो पडद्याला लावायचा.”

दुसरी परीक्षा वाकण्याची. शेंडा जमिनीला टेकवून दाबायचा आणि रॉड कुठून वाकतो ते बघायचं. कमरेतून वाकणारा त्यांना नको असे. मी बासचा विषय काढला की ते म्हणत, “तुमचा बास इकडे नाही. इकडे मरळ आहे. तीही तशीच, गवतात दबा धरून बसणारी, पण फार हट्टी. बासला लोक पाण्यात खेळवतात. मरळीला खेळवायचं नाही. तिने जलपर्णीत तोंड वळवलं की संपलं. म्हणून सात फुटी, कडक रॉड आणि जाड विणीची दोरी. रीळ असं की हँडलच्या एका फेऱ्यात हातभर दोरी आत आली पाहिजे. बाकी रंग कुठलाही घ्या, रंग माशाला दिसत नाही, शेजाऱ्यांना दिसतो.”

आता अंगठ्याविषयी सांगायला हवं, कारण काका म्हणजे मुख्यतः त्यांचा उजवा अंगठा. या प्रकारच्या रिळात फेकताना दोरीची चाकी स्वतः गरगर फिरते. हवेतलं आमिष मंदावलं आणि चाकी मात्र त्याच वेगाने फिरत राहिली, की दोरी जागच्या जागी फुगून गुंता होतो. ते थांबवायला रिळाला दोन बारीक ब्रेक असतात. काका ते सुरुवातीला घट्ट करायला लावत आणि आठवड्याला एक खूण सैल. बाजूचं बटण असं लावायचं की आमिष सोडल्यावर अलगद खाली जाईल आणि जमिनीला टेकताक्षणी चाकी थांबेल. पण हे सगळं नवशिक्यांसाठी. खरा ब्रेक अंगठा. चाकीवर पिसासारखा ठेवायचा, आमिष पाण्याला लागायच्या आधी निमिषभर दाबायचा.

गुंता झाला की कात्री मना होती. “ज्याने केला त्याने सोडवायचा.” मी पार्किंगच्या कट्ट्यावर बसून तासतास बोळे सोडवले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका माझ्याकडे बघून मायेने हसत. त्यांना वाटायचं, मी विणकाम शिकतोय.

पाणी नव्हतंच. साठ फुटांवर आमच्या घरची एक स्टीलची वाटी ठेवलेली असायची आणि शिशाचं वजन तिच्यात पडायला हवं होतं. काका वाटीकडे पाठ करून बाकावर बसत.

“डावीकडे गेलं. वीतभर.”

“बघत तर नाही आहात तुम्ही.”

“बघायचं काय त्यात? ऐकू येतंय.”

गार्डने एकदा धीर करून त्यांना विचारलं, “अंकल, यहाँ पानी तो है नहीं. मछली कहाँ से आएगी?”

“मछली बाद में,” काका म्हणाले. “पहले इनका अंगूठा आएगा.”

त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. दोरीने चाळीस वर्षांत सगळ्या घासून नेल्या होत्या. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत ऑफिसात बोटांच्या हजेरीचं मशीन आलं तेव्हा ते काकांना ओळखेना. रोज सकाळी हा माणूस मशीनवर अंगठा ठेवी आणि मशीन म्हणे, असा कोणी नाही. शेवटी करंगळीने हजेरी लावायची परवानगी निघाली. त्या परवानगीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. मी तो अंगठा धरून पाहिला आहे. गारगोटीसारखा गुळगुळीत आणि थंड. मला उगाचच नमस्कार करावासा वाटला होता.

वाटीत सलग पाच वेळा वजन पडलं त्या रविवारी त्यांनी विचारलं, “गाडी आहे ना तुमच्याकडे?”

ग्रेटर नोएडाच्याही पलीकडे एका गावाचा तलाव होता. ठेकेदार त्यात रोहू वाढवायचा, आणि मरळी रोहूची पिल्लं खायच्या. म्हणून मरळ पकडणारा माणूस त्याला देवासारखा. आम्ही पोचलो की तो चहा पाठवी आणि जाताना मरळ ठेवून घेई. मी गाडी चालवायचो आणि बोलायचो; काका खिडकीकडे तोंड करून ऐकायचे. तलावावर पोचलो की एका बाभळीखाली उभे राहायचे आणि दर वेळी, अगदी दर वेळी, म्हणायचे, “आधी तुम्ही टाका.”

केवढं सौजन्य, असं मला वाटे. गुरूने शिष्याला पुढे करावं! मी जलपर्णीतली मोकळी जागा हेरून आमिषाचा रबरी बेडूक टाकायचो. ‘टप’. की लगेच काकांचं मनगट हलायचं आणि त्यांचा बेडूक माझ्यापलीकडे हातभर अंतरावर, पान पडावं तसा उतरायचा. त्यांच्या रिळाचा आवाज माझ्या रिळासारखा खरखरत नसे. नुसता सुस्कारा.

त्यांनी धरलेली पहिली मरळ मी अजून विसरलेलो नाही. बेडकाखालचं पाणी अचानक फुटलं. मी ओरडलो, “खेचा!” काका हलले नाहीत. पाण्यावर तरंग पसरत होते आणि हा माणूस रॉड खाली धरून, मान तिरकी करून, काहीतरी मोजत उभा. मग रॉड एकदाच वर गेला, आणि हातभर लांबीचा काळा मासा जलपर्णीच्या मुळांसकट आमच्याकडे घसरत आला. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

“थांबलात का?”

“तिने आधी नुसतं मारलं होतं. तोंडात नव्हतं घेतलं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“जड लागलं नाही.” एवढंच. जणू हे कोणालाही कळतं.

काकांचा मुलगा गुडगावला एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहायचा. दिल्लीतच वाढलेला, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि वडिलांवर जीव असलेला. दर बुधवारी संध्याकाळी मेट्रोने यायचा, घरचं बघायचा. मागे एकदा काका ई-रिक्षासमोर गेले होते तेव्हापासून त्याने हट्ट धरला होता की बाबांनी गुडगावला यावं. शेवटी दोघांत करार झाला. डोळे चांगले आहेत तोवर काका नोएडात राहतील आणि तलावावर जातील. ज्या दिवशी डोळ्यांनी दगा दिला त्या दिवशी दोन्ही बंद. हे मला काकांनीच सांगितलं, गाडीत, एखाद्या शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं.

मार्चमधल्या एका सकाळी माझी फेक चुकली. लाल बेडूक पाण्यात पडायच्या ऐवजी पलीकडच्या बाभळीला जाऊन लटकला. ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. शेंदरासारखा दिसत होता. काका त्याच्याकडे तोंड करून, रॉड मागे घेऊन उभे. मी हसण्याची वाट बघत होतो. ते हसले नाहीत. अर्धं मिनिट गेलं.

“टाकला ना?” त्यांनी विचारलं.

“टाकला की. तो काय समोर.”

“पडला कुठे?”

मी बेडकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “बाभळीत अडकलाय, काका.”

“मग तसं सांगावं.” त्यांनी रॉड खाली घेतला. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. ठेकेदाराने पाठवलेला चहा निवत चालला होता.

“किती दिवस?” मी विचारलं.

“दोन वर्षं. डोळ्यांच्या आतला पडदा सुकतोय. मधलं गेलं. कडेकडेचं दिसतं, धुक्यातल्यासारखं. चालता येतं तेवढ्यावर.”

“म्हणजे पार्किंगमध्ये पहिल्या दिवशी…”

“तुम्ही दिसला नव्हतात. पण गुंता फार मोठा झाल्याचं कळलं. म्हटलं, माणूस चिकट असेल तर उपयोगी पडेल.”

“म्हणजे सहा महिने मला शिकवलंत ते…”

“नेम हवा होता. तुम्ही टाकलं की मोकळी जागा कुठे आहे ते मला कळतं. तुमची ‘टप’ म्हणजे माझी खूण.”

मी स्वतःला शिष्य समजत होतो आणि गाडीतून परतताना दर रविवारी मनातल्या मनात एखाद्या घराण्याची गादी चालवत होतो. खरं म्हणजे मी पाण्यावर टिचकी मारणारं यंत्र होतो. राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या फेकी आठवत बसलो. एवढ्याशा आवाजावरून, साठ-सत्तर फुटांवर, वाऱ्यात, हातभर पलीकडे. मी डोळे उघडे ठेवून बाभळीत टाकला होता.

“मुलाला सांगणार आहात?” काकांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण अंगठा रिळाच्या चाकीवर मागेपुढे होत होता. पुन्हा पुन्हा.

“मी कशाला सांगू?” मी म्हणालो.

पण मुलगा मूर्ख नव्हता. एप्रिलच्या एका रविवारी आम्ही तलावावर पोचलो तर तो आधीच येऊन उभा. पायांत पांढरे बूट, चिखल टाळत टाळत आमच्याकडे आला. “बाबा, म्हटलं आज मी पण बघतो तुमची फिशिंग.” मग मला जरा बाजूला घेतलं.

“दादा, एक खरं सांगा. बाबांना दिसतं ना? बुधवारी मी त्यांच्यासमोर फोन धरला, आईचा फोटो होता. ते म्हणाले, छान आलाय तुझा फोटो.”

सरकारी नोकरीत मी नाना प्रकारची उत्तरं देऊन पार पडलो आहे. ‘तपासून कळवतो’ हे त्यांतलं सगळ्यात प्रामाणिक. पण समोर हा मुलगा, आणि वीस फुटांवर बाभळीखाली पाठमोरा उभा असलेला तो माणूस. मी म्हणालो, “दिसतं की. म्हणजे, तसं बिल्कुल… आता वयोमानानुसार…”

“काही सांगू नका त्याला खोटं,” बाभळीखालून आवाज आला. काका मागे वळले नव्हते. “तुम्हाला जमत नाही ते. नाही दिसत मला, बाळा.”

मुलगा तिथेच खाली बसला. पांढऱ्या बुटांसकट, चिखलात.

“किती दिवसांपासून?” त्याने मलाच विचारलं. मी काकांकडे बघितलं.

“दोन वर्षं,” काका म्हणाले. “ऊठ. एक दगड घे. पाण्यात टाक. कुठेही.”

“बाबा, यार, आत्ता दगड कसला…”

“टाक तर.”

त्याने टाकला, रागानेच, दूर उजवीकडे. पाण्यावर वर्तुळ उमटलं. ते अजून वाढत होतं तोवर काकांचा बेडूक त्याच्या मधोमध उतरला. मुलगा बघत राहिला. त्याने दुसरा दगड घेतला, डावीकडे, लव्हाळ्यांच्या मागे, जवळ. बेडूक तिथेही गेला. तिसरा दगड त्याने खूप लांब फेकला. रिळाचा तो सुस्कारा लांबत गेला, लांबत गेला, आणि बेडूक पुन्हा वर्तुळात.

चौथ्या वेळी मुलाने हात मागे नेला, जोरात पुढे आणला, पण दगड मुठीतच ठेवला. काका रॉड मागे घेऊन उभे होते. ते तसेच उभे राहिले. तलावावर बगळा ओरडला, मोटारपंप कुठेतरी धडधडत होता. त्यांनी रॉड खाली घेतला.

“टाकला नाहीस.”

मुलाने दगड ठेवून दिला आणि बाहीने डोळे पुसले. त्या दिवशी मासा एकही लागला नाही. लागला असता तर बहुतेक आमच्यातल्या कोणाला तो सोडवता आला नसता.

मला वाटलं, जिंकलं. पण मुलगा शेजारी जाऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “बाबा, दगड कुठे पडतो ते तुम्हाला कळतं. गाडी कुठून येते ते कळतं का? खरं सांगा.”

काकांनी दोरी गुंडाळायला घेतली.

“नाही,” ते म्हणाले. “ते नाही कळत.” मग दोरी गुंडाळता गुंडाळता, “ठरल्याप्रमाणे येतो गुडगावला. खुंट्या लावून घे भिंतीला. पण रविवारी तलाव बंद नाही होणार. हे येतील मला न्यायला.”

‘हे’ म्हणजे मी. मला विचारलं नव्हतं. नोएडाहून गुडगाव, गुडगावहून परत नोएडा ओलांडून तलाव, आणि संध्याकाळी तेच उलटं. मुलगा माझ्याकडे बघत होता. बापाची अट मोडायची की मान्य करायची हे माझ्या तोंडावर शोधत होता.

“बिल्कुल,” मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर मी काकांना विचारलं, “दगडानेही जमतं तर सहा महिने मला का राबवलंत?”

“दगडाने मासे बुजतात,” ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर, “आणि दगडाला गाडी चालवता येत नाही.”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. डोळे, करार, चार दगड, आणि दर रविवारी आता गुडगाव. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं, मान हलवली. मी म्हटलं, “तुला धक्का नाही बसला? दोन वर्षं, आणि कोणाला पत्ता नाही.”

“अहो, ते पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आले तेव्हाच त्यांचा हात ताटात चाचपडत होता,” ती म्हणाली. “तेव्हापासून मी त्यांचं ताट आई सणाला वाढायची तसं वाढते. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, प्रत्येक वेळी त्याच जागी. बोटांना सापडतं. तुम्ही दर वेळी शेजारीच बसलेले असता. आणि मला विचारता, आज कसला सण आहे?”